सील मारलेल्या कंटेनरचा दरवाजा रस्त्यात उघडला तर जबाबदारी कोणाची? ड्रायव्हर लोकांनीच सांगा

सिन्नरचा_ट्रेलरवाला

राम राम मंडळी. थोडं लांब लिहितोय, वाचा आणि मग काय ते बोला. मी चाळीस फुटी ट्रेलर चालवतो, अंबड नाहीतर सातपूरला माल भरायचा आणि न्हावा शेव्याला टाकायचा, येताना इम्पोर्टचा डबा (कंटेनर) मिळाला तर भरून नाहीतर रिकामा. आमच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं आता एक नवीन कागद काढलाय. गाडी पार्टीच्या म्हणजे माल देणाऱ्या कंपनीच्या गेटातून निघायच्या आधी ड्रायव्हरनं सही करायची की दरवाजा मी स्वतः तपासला, चारही रॉड बसलेत, आतला माल नीट बांधलेला आहे आणि रस्त्यात दरवाजा उघडून काही झालं तर जबाबदार मी.

आता गंमत बघा. लोडिंग चालू असताना डॉकवर, म्हणजे माल भरायच्या धक्क्यावर, ड्रायव्हरला उभं राहू देत नाहीत. चावी काढून घेतात आणि गेटजवळच्या खोलीत बसवतात, पंखा असला तर नशीब. बोलावतात तेव्हा दरवाजा बंद, सील ठोकलेलं, गार्डनं वहीत नंबर पण लिहून टाकलेला. मग आतला माल बांधलेला आहे हे मी कशाच्या जोरावर लिहून देऊ? सील तोडून बघायचं म्हटलं तर एक्सपोर्टचा माल, तिथंच नोकरी गेली.

दुसरी गोष्ट, त्याच कागदात आहे की हँडलला साखळी आणि कुलूप ड्रायव्हरनं लावायचं. यावरून आडगावला टर्मिनलवर चहा पिताना दोन गट पडले, आवाज एवढा वाढला की हॉटेलवाल्यानं येऊन विचारलं काय झालं म्हणून. काही जण म्हणतात सील असल्यावर साखळी हवी कशाला, काही म्हणतात साखळी नाही तर बाइंडिंग तार तरी गुंडाळायची. एक जण तर म्हणाला तारेचे चार वेढे मारले की देव आला तरी दरवाजा उघडत नाही. तुम्ही लोक काय करता? आणि सही करावी का नाही हे पण सांगा, मला सोमवारी परत त्याच पार्टीकडं जायचंय.

आडगाव_नाका_किंग

एवढं काय त्यात. सील आहे ना? गेटवर नंबर जुळला की विषय संपला. आपलं काम गाडी चालवायचं, दरवाजा बघायला कंपनीत पगार घेणारे आहेत. साखळी लावली की पोर्टच्या गेटवर परत थांबा, चावी शोधा, मागचे हॉर्न मारत बसतात. मी तर कधी लावली नाही आणि काही झालं पण नाही.

घोटीचे_नाना

किंग भाऊ, झालं नाही म्हणजे होत नाही असं नाही. सील दरवाजा धरत नाही हे आधी डोक्यात घ्या सगळ्यांनी. सील म्हणजे पाकिटावरची लाख, कोणी उघडलं तर कळावं म्हणून. बोल्ट सील जाड असतं म्हणून लोकांना वाटतं तेच दरवाजा बंद ठेवतं. ते जातं उजव्या दरवाजाच्या एका हँडलमधून, बस. दरवाजाला रॉड आहेत चार, दोन डावीकडं दोन उजवीकडं, आणि प्रत्येक रॉडला वर एक खाली एक असे कॅम. ते कॅम चौकटीवरच्या खाचेत अडकतात म्हणजे कीपरमध्ये. दरवाजा धरून ठेवतात ते हे आठ कॅम. हँडल फक्त रॉड फिरवतं.

आता होतं काय, जुना डबा असला, फोर्कलिफ्टनं कधी ठोकलेला असला की रॉड किंचित वाकलेला असतो. हँडल बसतं, सील पण बसतं, पण वरचा कॅम खाचेत अर्धाच गेलेला. खाली उभं राहून वरचं दिसत नाही. दहा पावलं मागं जाऊन बघायचं मग दिसतं, चारही वरचे कॅम एका रेषेत आहेत का एखादा बाहेर डोकावतोय. रात्री असेल तर मोबाईलचा टॉर्च पुरत नाही, चांगली बॅटरी ठेवा गाडीत. हे बघायला सील तोडावं लागत नाही, आत जावं लागत नाही, कोणी अडवत पण नाही कारण गाडी तुमच्या ताब्यात दिलेली असते. म्हणजे तुझ्या कागदातला अर्धा भाग खरा आहे बाळा. रॉड बसलेत का हे तुलाच बघायचंय. माल बांधलाय का नाही हे तू बघू शकत नाहीस, तिथं सही करायची नाही.

अजून एक, उजवा दरवाजा डाव्यावर चढतो. म्हणून बंद करताना आधी डावा, मग उजवा. घाईत डाव्याचा रॉड पूर्ण न फिरवता वरून उजवा दाबून लावतात, उजव्याच्या दाबानं डावा जागेवर राहतो आणि सगळं ठीक दिसतं. खड्ड्यात आदळून आदळून मग डावा ढिला होतो. आपल्या मुंबई हायवेची पावसाळ्यात काय हालत असते ते मी सांगायला नको.

चांदवडचा_भाऊ

नाना बरोबर बोलले भो. पण आमचं दुखणं वेगळं. आमच्या गाड्या उघड्या, लासलगाव पिंपळगावचा कांदा भरायचा. मागचा फाळका आणि दोन पिना एवढाच आमचा दरवाजा. पिन हरवली की क्लीनर सळईचा तुकडा वाकवून घालतो, कोणी बघत नाही. राहुडच्या घाटात तुम्ही कधी रात्री उभे राहिले तर बघा काय काय पडलेलं असतं, गोण्या, ताडपत्रीचे तुकडे, दोऱ्या. मागनं मोटारसायकलवाला आला तर त्याचं काय.

आणि कांद्याचा बंद कंटेनर म्हणजे अजून अवघड. लांबचा पल्ला, गुवाहाटी नाहीतर कोलकाता. पूर्ण बंद केला तर कांदा घामेजतो, चार दिवसांत कोंब आणि वास. मग व्यापारी सांगतो दरवाजा थोडा उघडा ठेव हवा लागू दे. लोक काय करतात, दीड-दोन फूट फट ठेवायची आणि दोन्ही हँडल नायलॉनच्या दोरीनं बांधायचे. नायलॉन उन्हानं आणि घासून कधी तुटेल सांगता येत नाही. एवढा मोठा लोखंडी दरवाजा समोरच्या गाडीच्या वाऱ्यानं उघडून बाजूच्या लेनमध्ये गेला तर? मी मालकाला सांगितलं मला जमणार नाही, तर म्हणाला दुसरा ड्रायव्हर बघतो. यावर कोणाकडं उपाय असेल तर खरंच सांगा, टिंगल नको.

रीफर_वाला_दिंडोरी

चांदवडकर, फट ठेवून दोरी बांधणं बंदच करा. एकतर दरवाजा पूर्ण बंद नाहीतर पूर्ण उघडा, मधलं काही नको. कंटेनरचा दरवाजा २७० अंशात फिरतो, म्हणजे पूर्ण मागं नेऊन डब्याच्या बाजूला चिकटतो, तिथं त्याला बांधायला हूक आणि दोरीची सोय दिलेली असते. पण तो नुसत्या त्या दोरीवर सोडू नका, ती उभ्या गाडीसाठी असते, पळत्या गाडीसाठी नाही. आणि दरवाजाची जाडी बाजूला आली की गाडीची रुंदी वाढली, आरटीओवाला बघितल्यावर काय म्हणेल ते वेगळं. त्यापेक्षा जाळीच्या बॉडीची गाडी द्या म्हणावं व्यापाऱ्याला. कांदा त्याचा आहे, हवेची सोय त्यानं बघावी.

आमचं द्राक्षाचं उलट. जानेवारी ते एप्रिल सीझन, डबा शून्य डिग्रीच्या आसपास चालवायचा, दरवाजाची रबरी पट्टी जरा फाटली की थंडी निसटते आणि आत पाणी धरतं. पॅक हाऊसला गेल्यावर मी आधी रबर बघतो, मग जनसेट (डबा थंड ठेवणारा जनरेटर). रबर नीट बसत असेल तर समजायचं रॉड पण नीट बसलेत, कारण पट्टी दाबली जायला कॅम पूर्ण आत जावेच लागतात. बंद दरवाजाभोवती फिरवून हात लावायचा, कुठं फट लागते का. ज्यांचा साधा डबा आहे त्यांना पण हे चालेल, पावसात माल भिजला तर डेबिट नोट कोणावर फाटते माहीतच आहे.

आडगाव_नाका_किंग

म्हणजे आता ड्रायव्हरनं रबर चेपत बसायचं, मागं जाऊन कॅम बघायचे, फोटो काढायचे. आणि डिटेन्शनचे, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे, पैसे कोण देणार? उशीर झाला की फोन कोणाला येतात?

घोटीचे_नाना

किंग, तू चाकाला हातोडी मारून हवा बघतोस का नाही? तेवढाच वेळ लागतो.

सातपूर_लोडिंग

मी ड्रायव्हर नाही, एका कंपनीत डिस्पॅचला काम करतो, तुमच्या शिव्या खाणाऱ्यातला. दुसऱ्या बाजूनं पण ऐका.

ड्रायव्हरला डॉकवर उभं करत नाहीत कारण फोर्कलिफ्ट फिरत असते आणि मागं कधीतरी कोणाच्या तरी पायावर गेलेली असते. नियम चुकीचा नाही. पण शेवटची रांग लागल्यावर, दरवाजा लावायच्या आधी ड्रायव्हरला बोलवून दाखवायला पाच मिनिटं लागतात, आणि ते बऱ्याच ठिकाणी होत नाही हे मी मान्य करतो. ट्रेलरवाले दादा, तुम्ही हे मागा. डॉकवर येऊ द्या म्हणू नका, दरवाजा लावताना मला बोलवा म्हणा. सुपरवायझरला हो म्हणायला सोपं जातं.

आणि खरा घोळ कुठं होतो ते सांगतो. डब्याचा पुढचा भाग गच्च भरतात आणि शेवटी दरवाजाजवळ दोन-तीन फूट जागा उरते. पुढची पॅलेट एकमेकांना टेकून घट्ट बसतात, मागचं शेवटचं पॅलेट मात्र मोकळं. ती जागा लाकडानं नाहीतर हवेच्या पिशव्यांनी भरायला पाहिजे किंवा बेल्ट मारायला पाहिजे. नाही भरली तर माल सरकून दरवाजावर येतो. दरवाजा काही माल टेकवायला केलेला नसतो. आयएसओच्या टेस्टमध्ये डब्याची मागची-पुढची बाजू पेलोडच्या (आतल्या मालाच्या वजनाच्या) ०.४ पट भाराला तपासतात, म्हणजे २६ टनाच्या मालाला साधारण १० टन. ऐकायला भरपूर वाटतं, पण तो भार सगळ्या दरवाजावर सारखा पसरलेला धरतात. एका जागी लोखंडी जॉबचा कोपरा किंवा तारेची कॉइल येऊन आदळली तर तो हिशोब लागू पडत नाही. बाजूच्या भिंतींना ०.६ आहे, दरवाजाकडं त्याहून कमी.

अजून एक बारीक गोष्ट. डॉकला लागलेल्या गाडीचा दरवाजा तिथंच लावता येत नाही, गाडी पुढं घ्यावी लागते. म्हणजे दरवाजे उघडे असताना गाडी दोन मीटर पुढं सरकते. नेमकं तेव्हा शेवटची रांग पडते, आणि दरवाजा लावायला मागं जो पोरगा उभा असतो त्याच्यावर पडते. आमच्याकडं आता गाडी सरकायच्या आधी शेवटच्या रांगेला आडवा बेल्ट असल्याशिवाय सोडत नाहीत.

सिन्नरचा_ट्रेलरवाला

लोडिंगवाले दादा, तुमच्यासारखा माणूस आमच्या पार्टीकडं असता तर हा धागा काढावाच लागला नसता. ते २६ टनाचं गणित एकदम पटलं. पण मला एक सांगा, घाटात माल पुढं येतो का मागं जातो? कसारा उतरताना मी दरवाजाचीच काळजी करत असतो.

घोटीचे_नाना

उतरताना माल पुढं, केबिनकडं. दरवाजावर भार येतो तो चढताना. म्हणजे तू मुंबईहून इम्पोर्टचा डबा घेऊन वर येतोस तेव्हा. आणि त्या डब्यातला माल कोणी भरला, कुठल्या देशात भरला, तुला काही माहीत नसतं, समुद्रात हेलकावे खाऊन आलेला असतो. म्हणून इम्पोर्टच्या डब्याला मी जास्त घाबरतो. खाली पोर्टवरून निघालं की पहिल्या चहाला थांबशील तिथं एकदा मागं जा, कॅम बघ, दरवाजा फुगलाय का बघ. वर इगतपुरीला आल्यावर परत एकदा. आता बरेच जण समृद्धीच्या बोगद्यानं येतात, जून २०२५ ला आमणेपर्यंतचा टप्पा सुरू झाला तेव्हापासून घाट टळतो, पण चढ तर चढच आहे ना, शिवाय तिथं थांबायची सोय नाही. चढायच्या आधीच बघून घ्यायचं.

दरवाजा मधून बाहेर फुगलेला दिसला तर समजायचं आत माल टेकलाय. तेव्हा हँडलला हात लावायचा नाही. मालकाला फोन, पार्टीला फोन, फोटो.

मालेगाव_१२चाकी

फुगलेल्या दरवाजावरून आठवलं. भिवंडीला एका गोडाऊनला आम्ही उभे होतो, आमच्या पुढच्या गाडीचा डबा उघडत होते. हमाल नवीन पोरगा, उजव्या दरवाजाच्या बरोबर समोर उभा राहून दोन्ही हँडल एकदम फिरवली. आत टाइल्सच्या पेट्या होत्या का फरशी होती, दरवाजाच उडून त्याच्या छातीवर आला आणि मागं माल. पोरगा वाचला पण खांदा गेला. त्यानंतर मी जिथं जातो तिथं सांगतो, दरवाजाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला बिजागरीकडं उभं राहायचं. उजव्या आणि डाव्या दरवाजाच्या मधल्या रॉडना रॅचेट बेल्ट ढिला बांधायचा म्हणजे दरवाजा वीतभरच उघडतो, आत डोकावून बघायचं माल टेकलाय का, मग बेल्ट काढायचा. बेल्ट असला की हमाल लोक आधी हसतात मग स्वतःच मागतात.

वाराई म्हणजे हमालीचे पैसे द्यायचे आपण, आणि वर त्यांचा जीव पण आपणच सांभाळायचा असं एक जण मला म्हणाला. म्हटलं हो, सांभाळायचा, पोलीस आले की हमाल कोण हे कोणी विचारत नाही, गाडी कोणाची हे विचारतात.

आणि इम्पोर्टच्या डब्यावर धुरीचा स्टिकर असेल, कवटीचं चित्र, तर उघडल्यावर लगेच आत शिरू नका. औषधाचा गॅस साठलेला असतो. दोन्ही दरवाजे उघडून हवा जाऊ द्यायची, हे पार्टीनं बघायचं असतं पण बघत नाहीत.

चांदवडचा_भाऊ

वाराईचा विषय काढू नको भो, रात्र पुरणार नाही.

ट्रकवाल्याचा_पोरगा_वकील

सहीचा प्रश्न विचारलाय म्हणून लिहितो. वडील चाळीसगावपासून मुंबईपर्यंत गाडी चालवायचे त्यामुळं दोन्ही बाजू माहीत आहेत.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये कलम १९० आहे. गाडीत किंवा ट्रेलरमध्ये असा दोष असेल की ज्याच्यानं धोका होईल, आणि तो तुम्हाला माहीत होता किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, तर दंड. त्यातले शब्द महत्त्वाचे आहेत, साधी काळजी. वरचा कॅम बाहेर दिसतोय आणि तुम्ही मागं जाऊन बघितलंच नाही, तर कोर्ट म्हणणार साधी काळजी घेतली नाही. सीलबंद डब्याच्या आत माल मोकळा आहे, हे साध्या काळजीनं कळण्यासारखं नाही. नानांनी वर जे सांगितलं तेच कायद्याच्या भाषेत झालं. आणि हे कलम फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला पण लागतं. म्हणजे मालक सुटत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहेच, शिवाय माल बॉडीच्या बाहेर निघाला, बाजूनं, मागून, पुढून किंवा उंचीनं, तर २० हजार. चांदवडकर, फाळका उघडा टाकून त्यावर गोण्या रचतात ना, ते यात बसतं.

कोणी मेलं तर भारतीय न्याय संहितेचं १०६, जुन्या आयपीसीच्या ३०४ अ च्या जागी, १ जुलै २०२४ पासून. जानेवारी २०२४ ला आपण ज्याच्यासाठी गाड्या उभ्या केल्या ते त्याचंच दुसरं पोटकलम, पळून जाण्याचं. पहिलं पोटकलम निष्काळजीपणाचं आहे, पाच वर्षांपर्यंत. एफआयआरमध्ये पहिलं नाव ड्रायव्हरचं येतं हे सगळ्यांना माहीत आहे, तुमचा कागद असो नसो. ट्रान्सपोर्टवाल्याच्या कागदानं फौजदारी गुन्हा इकडचा तिकडं होत नाही. पण उद्या माल पडला आणि पैशाची वसुली निघाली की तो कागद तुमच्या पगारातून कापायला वापरणार. माल वाहून नेण्याची जबाबदारी २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यानं कॅरियरवर आहे, तुम्ही त्याचे पगारी माणूस. तो जबाबदारी खाली ढकलतोय एवढाच अर्थ.

म्हणून सही करा, पण सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा: "डबा सीलबंद मिळाला, माल माझ्यासमोर भरलेला नाही, बाहेरून रॉड व कॅम तपासले." तारीख, वेळ. त्याचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. आतला माल बांधलेला आहे ही ओळ सरळ खोडा. खोडू देत नसतील तर गार्डसमोर विचारा, मला आत दाखवता का. बघा काय होतं.

आडगाव_नाका_किंग

वकीलसाहेब, खोडलं आणि त्यानं गाडीच दिली नाही तर? तुम्ही हप्ता भरणार का? कागदावर सगळं सोपं असतं. बरं ते जाऊ दे, साखळीचं कोणीच नीट सांगितलं नाही. साखळी लावायची का नाही?

समृद्धी_एक्सप्रेस

मी सांगतो. हँडलला तार गुंडाळणं हा येडेपणा आहे. एक तर तार हँडलला धरते, कॅमला नाही, म्हणजे नाना म्हणाले तो दोष तसाच राहतो. दुसरं, तारेखाली सीलचा नंबर झाकतो, गेटवर तार कापायला लावतात आणि कापताना सीलला ओरखडा गेला की मग प्रश्नांची सरबत्ती. एक्सपोर्टला आता आरएफआयडी वालं ई-सील असतं, ते रीडरवर वाचलं गेलं नाही तर डबा बाजूला काढतात, दिवस गेला.

साखळी लावायचीच असेल तर हँडलला नाही, डाव्या आणि उजव्या दरवाजाच्या मधल्या दोन रॉडना आवळून. त्याच्यासाठी क्रॉस बार लॉक येतं, आडवी पट्टी दोन्ही रॉडना धरते आणि मधे कुलूप. ते चोरीसाठी असतं मुख्यतः पण दोन्ही दरवाजे एकमेकांना बांधले जातात त्यामुळं एखादा कॅम निसटला तरी दरवाजा फडकन उघडत नाही. पोर्टच्या गेटआधी रांगेत असतानाच काढून घ्यायचं. तुझ्या मालकानं सांगितलंय ना लाव म्हणून, मग त्यानंच घेऊन द्यावं, ही मागणी तर रास्त आहे.

आणि चोरीवरून, कोणी बोललं नाही म्हणून. सील शाबूत आणि माल गायब, हे कसं होतं माहीत आहे का? हँडल ज्या रिव्हेटनं बसवलेलं असतं तो रिव्हेट कापतात, सील हँडलवर तसंच ठेवून हँडल बाजूला, रॉड फिरवला, माल काढला, मग रिव्हेटच्या जागी नट-बोल्ट टाकून वर रंग मारला. सील एकदम ओके. त्यामुळं हँडलजवळ नवीन रंगाचा डाग किंवा रिव्हेटऐवजी नट दिसला की गाडी घेऊच नका, निदान लिहून घ्या. ढाब्यावर लावताना दरवाजा भिंतीला नाहीतर दुसऱ्या ट्रेलरच्या दरवाजाला चिकटवून लावायचा, एवढं तर सगळेच करतात.

रीफर_वाला_दिंडोरी

रिकामा डबा यार्डातून उचलताना बघायचं हे सगळं, भरल्यावर नाही. ईआयआर कागद असतो ना, डबा कुठल्या अवस्थेत मिळाला त्याचा, त्याच्यावर यार्डवाल्याकडून लिहून घ्यायचं, उजव्या दरवाजाचा वरचा कॅम वाकडा, रबर फाटलेलं, जे असेल ते. लिहून नाही घेतलं तर परत करताना डॅमेज म्हणून आपल्या नावावर. आणि वाकडा कॅम बघून नाशिकच्या द्वारकेला नाहीतर कुठं वेल्डिंगवाल्याकडं नेऊ नका, डबा शिपिंग लाईनचा असतो, आपण हात लावायचा नसतो. डबा बदलून मागा. सकाळी लवकर गेलं तर बदलून देतात, दुपारनंतर जे असेल ते घ्या म्हणतात, असा माझा अनुभव.

पाथर्डी_फाटा

दरवाजा दरवाजा करताय, डबा ट्रेलरला धरून ठेवणारे ट्विस्ट लॉक किती जण चारही फिरवतात ते पण सांगा. रिकामा डबा असला की दोनच लावून पळणारे मी रोज बघतो. सिन्नरच्या पुढं मोकळ्या रानात वारा लागला की रिकामा चाळीस फुटी कसा डोलतो ते मागनं बघितलंय मी.

मालेगाव_१२चाकी

आणि रिकामा डबा दरवाजे उघडे ठेवून पळवणारे. बंद करायचा कंटाळा.

सिन्नरचा_ट्रेलरवाला

मंडळी, खूप मिळालं. पार्टीकडं जाऊन आलो. सुपरवायझरला लोडिंगवाल्या दादांनी सांगितलं तसं म्हणालो, डॉकवर येत नाही, फक्त दरवाजा लावताना बोलवा. आधी म्हणाला असं होत नाही, मग माथाडीचा मुकादम म्हणाला येऊ दे ना त्याला, उलट बरंय. बोलावलं. शेवटच्या रांगेला बेल्ट नव्हता, दोन पॅलेट नुसती उभी. मी काही बोललो नाही, फक्त मोबाईल काढला फोटोला, लगेच बेल्ट आला.

कागदावर आतल्या मालाची ओळ खोडून वकीलसाहेबांनी सांगितलं तसं लिहिलं. ट्रान्सपोर्टवाला फोनवर दहा मिनिटं बोलला, तू शहाणा झालास का वगैरे, पण गाडी दिली. क्रॉस बार लॉकचं म्हणालो तर म्हणतो बघू पुढच्या महिन्यात. तोपर्यंत रॅचेट बेल्ट स्वतःच घेतोय. कुठला घ्यावा? आणि कायम बांधून ठेवायचा का फक्त उघडताना?

आडगाव_नाका_किंग

हे बरं केलंस. पण सगळ्या पार्ट्या अशा नसतात, तुझा मुकादम चांगला निघाला म्हणून.

घोटीचे_नाना

बेल्ट घेताना त्याच्यावर शिवलेली चिठ्ठी असते, किती किलोचा आहे ते लिहिलेलं, चिठ्ठी नसलेला घेऊ नको. काठाला चिरलेला, उन्हानं पांढरा पडलेला असेल तर स्वस्तात मिळाला तरी नको. चालत्या गाडीला मधल्या दोन रॉडना आवळून बांध, रॅचेटचं टोक सैल लोंबकळत ठेवू नको, चाकात जातं. उघडताना ढिला करून वीतभर जागा सोड, मालेगाववाला म्हणाला तसं. आणि पोर्टच्या गेटआधी काढून घे, नाहीतर बेल्ट जहाजावर जाईल.

चांदवडचा_भाऊ

नाना, फाळक्याच्या पिना कुठं चांगल्या मिळतात? स्प्रिंगची क्लिप असलेल्या. पिंपळगावला विचारलं, नाही म्हणतात. दोन घेतो, एक स्पेअर.

घोटीचे_नाना

द्वारकेजवळ ट्रकच्या सामानाची दुकानं आहेत तिथं बघ. जुनी पिन सोबत ने, भोकाची साईज गाडीगाडीला वेगळी असते. आणि पिनेला बारीक साखळी लावून ती बॉडीला वेल्ड करून घे, म्हणजे क्लीनरच्या खिशात राहणार नाही.